मारेकच्या नावावर पडलेल्या धावा

१४ नोव्हेंबर. तळघर रिकामं करायचं आहे. पाण्याचे पाइप बदलायला सोमवारी माणसं येणार, तोवर प्रत्येकाने आपापला केलर, म्हणजे तळघरातली कोठडी, मोकळा करावा, अशी चिठ्ठी इमारतीच्या ऑफिसने जिन्यात लावली आहे. सकाळपासून मी खाली आहे. मोडका टोस्टर, मुलीचे लहान झालेले बर्फातले बूट, झाकण नसलेले डबे. टाकायचं, टाकायचं, ठेवायचं. वस्तूंपाशी रेंगाळायची मला सवय नाही. एका खोक्यापाशी मात्र हात थांबला. आत हिरव्या पुठ्ठ्याची दोन स्कोरबुकं होती, बेसबॉलची, पेन्सिलीने भरलेली, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या समासात माझ्या बारीक मराठी अक्षरातल्या ओळी. ‘निनादच्या पायातून गेला.’ ‘ग्लव्हमध्ये येऊन सुटला.’ ‘हा कुणीही अडवला असता.’ उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि इतक्या वर्षांनी कानशिलं तापली. तेव्हा ठरवलं, हे आधी लिहून टाकायचं, मग खोक्याचं काय करायचं ते बघू.

पंचविशीत माणूस मोठं झालेलं असतं असं आपल्याकडे धरून चालतात. मी झाले नव्हते. मिरजेहून जर्मनीत एर्लांगेनला संख्याशास्त्र शिकायला आले तेव्हा मला स्वयंपाक येत होता, फॉर्म भरता येत होते आणि ज्यांच्या घरी राहायचं त्यांना उलटून बोलायचं नाही एवढं येत होतं. राहायचं होतं मंजूताईकडे, शेजारच्या हेर्त्सोगेनआउराखला. मंजूताई माझी मावसबहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. श्रीकांत भाऊजी यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात होते. केसाच्या शंभराव्या भागाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. घरात चहाचे कपसुद्धा कानाची दिशा बघून लावायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद, तेव्हा सोळा वर्षांचा. मराठी सगळं समजायचं त्याला, पण उत्तर जर्मनमध्ये. “निनाद, जेवायला ये,” असं ताई ओरडायची आणि वरून “ग्लाइश!” यायचं, म्हणजे आलोच. मग कुणीच यायचं नाही.

त्या घराचे आवाज मला अजून ओळखता येतील. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत ताई धावत जाऊन गॅस बंद करायची, कारण खालच्या फ्राऊ ब्योम यांना शिट्टी म्हणजे आगीचा भोंगा वाटायचा. रविवारी मिक्सर बंद, म्हणून चटण्या शनिवारीच वाटून ठेवायच्या. आणि दिवसभर गॅरेजमधून ‘ठण्’. भाऊजींनी तिथे छतापासून जाळी लावली होती. रबरी खुंटावर चेंडू ठेवायचा, अल्युमिनियमच्या बॅटने मारायचा, जाळीतून उचलायचा, परत ठेवायचा. ठण्. पोळ्या लाटताना ठण्, मी प्रोबॅबिलिटीची गणितं सोडवताना ठण्. सुरुवातीला डोकं दुखायचं, नंतर तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं.

आपली मुलं इथे फुटबॉल खेळतात, फार तर टेनिस. निनाद बेसबॉलमध्ये कसा शिरला हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. शाळेतल्या मित्राबरोबर एकदा गेला आणि राहिला. पण भाऊजींनी ते असं मनावर घेतलं की मुलापेक्षा तेच जास्त खेळत आहेत असं वाटावं. सकाळी पोह्यांची ताटली आणि लॅपटॉप शेजारी शेजारी. अमेरिकेत मोठ्या संघांच्या हाताखाली तयारीचे संघ असतात, पायऱ्यापायऱ्यांनी. सगळ्यात खालच्या पायरीवर कोवळी मुलं, वरच्या पायरीवर दार ठोठावणारी. त्या मायनर लीगमध्ये जर्मनीतून गेलेली दोन-चार पोरं कशी खेळताहेत ते भाऊजी रोज बघायचे. “हा बघ, एक पायरी वर गेला,” असं ते ताईला सांगायचे. ताई म्हणायची, “जाऊ दे बापडा, तुम्ही लिंबू पिळून घ्या.” ती पोरं ज्या निवासी अकादमीतून गेली होती, तिथे निनादच्या क्लबमधून दर वर्षी एकाच मुलाला जागा मिळे. एकच. त्या मोसमात सगळं घर त्या एका जागेभोवती फिरत होतं.

मी त्यात सापडले ती माझ्या वडिलांमुळे. आप्पा मिरजेत बँकेत होते, पण त्यांची खरी ओळख क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोरर म्हणून. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी लाकडी खुर्चीवर बसून पेन्सिली तासून द्यायची, पुढे पुढे स्वतः लिहायला लागले. आप्पांचा एक नियम होता. “रकान्यात बसत नाही ते समासात लिहायचं. रकाना काय झालं ते सांगतो, कसं झालं ते समास सांगतो.” ताईने हे कौतुकाने निनादच्या क्लबच्या ट्रेनरला सांगितलं. होल्गर त्याचं नाव. पन्नाशीचा, उंच, टोपी कधी न काढणारा, प्रत्येक वाक्याची सुरुवात “आल्झो”, म्हणजे “तर मग”, अशी करणारा. त्याला मुलांच्या सामन्यांना स्कोरर मिळत नव्हता. मी म्हटलं, मला क्रिकेटचं येतं, याचं येत नाही. तो हसला. “आल्झो, जवळजवळ तेच आहे. खुणा दाखवतो, लायसन्सचा कोर्स उन्हाळ्यात कर.” मला बरं वाटलं. सहा महिने ज्या देशात मी फक्त ‘सॉरी’ आणि ‘धन्यवाद’ म्हणत होते, तिथे कुणीतरी मला येणारं काम दिलं होतं. नियमांचं जाडजूड पुस्तकही त्याने दिलं. ते जर्मनमध्ये होतं. मी पहिली वीस पानं वाचली आणि बाकीचं खुणांवरून जमेल असं धरलं. ही चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आणि ती मी आज पहिल्यांदा कबूल करत नाही.

जवळजवळ तेच नाही, हे कुणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं. क्रिकेटमध्ये झेल सुटला, तरी त्यानंतरच्या धावा फलंदाजाच्या खात्यात आणि गोलंदाजाच्या नावावर. कुणाची चूक, हे स्कोररला कुणी विचारत नाही. बेसबॉलमध्ये तेच तर विचारतात. साधा, अडवता येण्यासारखा चेंडू क्षेत्ररक्षकाने सोडला, तर फलंदाज बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोचला तरी त्याला हिट, म्हणजे स्वतः कमावलेला टोला, मिळत नाही. स्कोररने E लिहायचा, म्हणजे चूक क्षेत्ररक्षकाची. आणि त्या चुकीतून ज्या धावा होतात त्या चेंडू फेकणाऱ्याच्या, पिचरच्या, नावावर पडत नाहीत. म्हणजे तिथे स्कोरर नुसता कारकून नसतो, प्रत्येक चेंडूला न्याय देत असतो. E चा रकाना मला माहीत होता. पण क्षेत्ररक्षकाची फेक भलतीकडे गेली तरच मी तो भरायची. पायातून गेला, हातातून सुटला, तर आप्पांच्या शिकवणीप्रमाणे रकान्यात हिट आणि समासात खरं.

आमचा पिचर होता मारेक. त्याची आई, फ्राऊ वोल्स्का, बाजाराच्या चौकातल्या बेकरीत कामाला होती आणि सामन्यांना मैदानाच्या कडेला ग्रिल सांभाळायची, एका पावात तीन सॉसेज घालून द्यायची. मारेक बोलायचा कमी. लांब हात, नखं कुरतडलेली. ताई सामन्यांसाठी गुळाच्या दशम्या फॉइलमध्ये बांधून द्यायची. निनाद लाजून त्या लपवायचा, आणि मारेक मागून घ्यायचा. दशमीला मोहरीचा सॉस लावून खायचा. मी एकदा म्हटलं, “अरे, ती गोड आहे.” तो म्हणाला, “गेनाऊ,” म्हणजे म्हणून तर, आणि दुसरी घेतली. निनाद खेळायचा शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात. आणि निनादचे हात कच्चे होते. हे मला तेव्हाही दिसत होतं. मारेक चेंडू असा टाकायचा की समोरचा जेमतेम टोला लावू शकेल, चेंडू घरंगळत निनादकडे जायचा, आणि पायातून मागे. मी रकान्यात हिट लिहायची. मारेकच्या नावावर. उलट निनाद बॅटिंगला आला आणि समोरच्या संघाने त्याचा चेंडू सोडला, तरी हिट. निनादच्या नावावर. दोन्हीकडून एकाच मुलाचं भलं होत होतं आणि मी पेन्सिल तासत होते.

दर रविवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर पानं पसरून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायची. भाऊजी समोर बसायचे. चष्मा कपाळावर सरकवून एकेक पान उचलायचे, वाचायचे, बाजूला ठेवायचे. “छान लिहितेस शुभा,” म्हणायचे. “असंच लिही.” ताई मला वाढताना तूप जास्त घालायची.

जुलैत अकादमीची चाचणी झाली. निनाद आणि मारेक दोघेही गेले आणि परीक्षकांना दोघांत डावं-उजवं करता आलं नाही. तेव्हा त्यांनी होल्गरकडून मोसमाचं प्रगतीपत्रक मागवलं, महिन्यागणिक, माझ्या आकड्यांवर बनवलेलं. त्यात निनाद चढत गेलेला दिसत होता, आणि मारेक उतरत. गुरुवारी पत्र आलं. निनाद. ताईने आधी देवापुढे ठेवलं, मग आईला फोन लावला, आणि मग मला मिठी मारली. रविवारी संध्याकाळी ओळखीची माणसं जेवायला बोलवायची ठरलं. क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड करायचं म्हणून ताईने शनिवारपासून फडक्यात क्वार्क टांगून ठेवला. सिंकमध्ये टप टप पाणी गळत होतं.

त्याच शनिवारी माझा लायसन्सचा कोर्स होता. एका शाळेचा वर्ग, पंधरा-वीस माणसं, बहुतेक खेळाडूंचे आईबाप. शिकवणाऱ्या फ्राऊ डीट्ल सत्तरीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात रूळ. त्यांनी फळ्यावर मैदान काढलं. साधा चेंडू, सरळ शॉर्टस्टॉपकडे, पायातून गेला, फलंदाज पोचला. काय लिहाल? मी हात वर केला. इतके दिवस लिहीत होते, हात वर करायचा मला हक्क होता. म्हटलं, “हिट.” शेजारचा बाप्या माझ्याकडे वळून बघायला लागला.

“का?” फ्राऊ डीट्लनी विचारलं.

“फलंदाजाने मारला आणि तो पोचला. चूक दुसऱ्याने केली, त्याची शिक्षा त्याला का?”

“शिक्षा नाहीच,” त्या म्हणाल्या. “पण मिळवलं नाही ते त्याच्या खात्यात कसं टाकता? आणि हा इथे उभा आहे,” त्यांनी रूळ पिचरच्या टिंबावर टेकवला, “याने आपलं काम बरोबर केलं होतं. याच्याकडून का घेता?”

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मनातल्या मनात पानं उलटत होते. मे महिन्यातला सामना, तिसरी खेळी. जूनमधला पावसानंतरचा. प्रत्येक ठिकाणी मारेक उभा होता, हात कमरेवर, आणि माझ्याकडे, स्कोररच्या टेबलाकडे, बघत होता. मला वाटायचं तो दशम्या शोधतोय.

रविवारी पहाटे उठून मी टेबलावर दोन्ही पुस्तकं मांडली आणि पहिल्या सामन्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. समास नसता तर ते कुणाला जमलं नसतं. पण समासात सगळं होतं, माझ्याच अक्षरात, प्रत्येक चेंडूचं खरं. दहा वाजेपर्यंत झालं. निनादचे कागदावर दहात चार हिट होते, ते अडीचवर आले. मारेकच्या नावावरच्या धावा निम्म्याहून कमी झाल्या. महिन्यांचे रकाने काढले, तर एप्रिल ते जुलै मारेक सारखा चढत गेला होता. प्रगती त्याची होती. निनाद जिथल्या तिथे होता. मी स्वतःवर चिडले होते, पण ती चीड निस्तरता येण्यासारखी होती. चूक सापडली, दुरुस्ती झाली, आता होल्गरला सांगायचं, तो अकादमीला फोन करेल, संपलं. खरंच मला असं वाटलं होतं. पंचविशीतली अक्कल.

होल्गर मैदानावर चुन्याची रेघ मारत होता. चाकाचं यंत्र ढकलत तो चालत होता आणि मी त्याच्या बाजूने चालत सांगत होते, कागद पुढे करत. तो थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाला, “आल्झो, शुभा. निकाल बदलायला स्कोररला एक दिवस असतो. तो गेला. आता पान बंद.”

“पण पान चुकीचं आहे.”

“असेल. पण स्कोररचा निर्णय अखेरचा. ट्रेनरने त्यात पडायचं नसतं. हाच तर नियम आहे.”

‘असेल’ हे त्याने ज्या सहजपणे म्हटलं, त्यावरून मला कळलं. मी विचारलं, “तुला माहीत होतं?” त्याने यंत्र थांबवलं, टोपी सरळ केली. “मेमध्ये लक्षात आलं. मला वाटलं कोर्सला जाशील तेव्हा शिकशील.” मग तो सांगत गेला: मारेकच्या आईकडे स्वतःची गाडीसुद्धा नाही, अकादमी दोन तासांवर, तिला झेपणार नाही, निनोच्या घरचे कसे, प्रत्येक सामन्याला हजर, सगळ्या मदतीला पुढे. निनो म्हणजे आमचा निनाद. एवढं बोलून तो परत रेघ मारायला लागला. मी त्या ओल्या चुन्यावरून मुद्दाम पाय घासत चालत गेले. दुसरं काही करता आलं नाही, जर्मनमध्ये शिव्या येत नव्हत्या. आता येतात.

घरी आले तेव्हा ताई श्रीखंड गाळत होती आणि भाऊजी केशराची डबी उघडत होते. पाहुणे यायला दोन तास होते. गॅरेजमध्ये ठण् चालू होतं. मी पुस्तकं ओट्यावर ठेवली आणि सांगितलं. थोडक्यात, जसं परीक्षेत सांगतात तसं. ताई चाळणी धरून उभी राहिली. भाऊजींनी डबीचं झाकण लावलं.

“समासात सगळं लिहिलेलं आहे,” मी म्हटलं. “हे बघा. ‘निनादच्या पायातून.’ हे बघा.”

“बघितलंय,” भाऊजी म्हणाले. “दर रविवारी वाचत होतो.”

मला वाटलं त्यांना नियम माहीत नसेल. पण ज्याच्या शेल्फवर ते नियमांचं पुस्तक खुणा घालून ठेवलेलं, त्याला माहीत नसेल?

“मग बोलला का नाहीत?”

“स्कोररच्या कामात पडायचं नसतं.” होल्गरचंच वाक्य, मराठीत. मग आवाज उतरवून, “खरं सांगू का? मला वाटलं, तू मुद्दाम करतेस. घरचा म्हणून. आमच्याकडे राहतेस, तोंडाने कधी काही बोलत नाहीस, पण हे असं... मला फार बरं वाटलं होतं, शुभा.”

त्या वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. खोटं करणाऱ्या माणसाचा राग येतो आणि जातो. पण माझ्या अडाणीपणाला त्यांनी माझी भावना समजून चार महिने जपून ठेवलं होतं, आणि मला ते तूप वाढलं जात होतं. मी म्हटलं, “भाऊजी, कारखान्यात असा एक तुकडा तुमच्या हाताखालून गेला असता?”

“तो कारखाना आहे.”

“आणि हा मुलगा आहे. दोन मुलगे आहेत.”

“शुभे, पुरे,” ताई म्हणाली. “आज नको. लोक यायचेत. आणि त्या मारेकचं काय अडलंय? तो करेल दुसरं काही. अहो, तुम्ही जा, ताटं पुसा.”

“ताई, तू त्याला तुझ्या हाताने दशम्या दिल्यास.”

“म्हणजे काय? दशम्या दिल्या म्हणून जागाही देऊ?” तिचा आवाज चढला, मग तिलाच फ्राऊ ब्योम आठवल्या असाव्यात, कारण पुढचं ती दबक्या आवाजात बोलली. “ज्या घरात राहतेस त्या घराचा पाया असा उकरू नये.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठण् थांबलेलं आहे. निनाद दारात उभा होता, ग्लव्ह काखेत. किती वेळ, कोण जाणे. मराठी सगळं समजायचं त्याला. त्याने बापाकडे बघितलं नाही, आईकडे नाही. मला जर्मनमध्ये विचारलं, “खरे किती?”

“दहात अडीच.”

“ओके,” तो म्हणाला. मग, “मारेकचे?” मी तेही सांगितलं. त्याने मान हलवली, जणू त्याच्या मनातला आकडा जवळपास तोच होता, आणि वर निघून गेला. त्या दिवशी हा प्रश्न फक्त त्याने विचारला. सोळा वर्षांच्या मुलाने आपणहून जागा सोडावी अशी अपेक्षा मी कधी केली नाही, आजही करत नाही. ती माझी अपेक्षा दोन मोठ्या माणसांकडून होती.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा नको. अकादमीला मी दुरुस्त केलेला तक्ता पोस्टाने पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं: आभार, जागा भरली आहे. निनाद गेला आणि एका मोसमात परत आला. तिथे साधे चेंडू कुणी सोडत नव्हतं. ज्या मुलाची त्यांनी वाट बघितली तो कागदावरचा होता, हा खरा पोरगा त्या कागदाखाली दबला. गॅरेजमधली जाळी काढली, तिथे सायकली आल्या. आता तो बरा आहे, स्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला नोकरी करतो, मला फोन करतो, मराठीत बोलायचा प्रयत्न करतो. मी ऑगस्टअखेर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात गेले. ताई दोन दिवाळ्या बोलली नाही, तिसऱ्या दिवाळीला चकल्या पाठवल्या. भाऊजी भेटले की हवापाण्यावर बोलतात. मी पुढे लायसन्स काढलं आणि बारा वर्षं स्कोरिंग केलं. कुणाचेही आईबाप टेबलाजवळ आले की मी पेन्सिल खाली ठेवायची आणि ते जाईपर्यंत उचलायची नाही.

पण त्या रविवारी यातलं काही माहीत नव्हतं. पाहुणे आले, श्रीखंड झालं, मी पाटावर बसवल्यासारखी बसून चार घास खाल्ले. कुणीतरी म्हणालं, “स्कोररबाई, तुमचाही वाटा आहे हं यात.” भाऊजींनी घाईने पुरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसच्याही आधी निघाले आणि चौकातल्या बेकरीत जाऊन रांगेत उभी राहिले, काखेत दोन हिरवी पुस्तकं. पुढे तीन माणसं होती, मागे लगेच चार झाली. माझी पाळी आली. फ्राऊ वोल्स्काने विचारलं, काय देऊ. मी म्हटलं, “तुमचा मुलगा वाईट खेळला नाही. मी चुकीचं लिहिलं. सबंध मोसम.” माझं जर्मन तेव्हा तुटकं होतं, आणि कदाचित म्हणूनच इतकं सरळ निघालं. मागच्या बाईने घसा खाकरला. फ्राऊ वोल्स्काने हातातल्या चिमट्याने ट्रेमधला पाव सरळ केला. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी प्रत्येक सामन्याला तिथेच होते ना.” मग तिने चिमट्याने मागचं दार दाखवलं. “मला कशाला सांगता? तो पिठाची पोती उतरवतोय. त्याला सांगा.” आणि माझ्या मागच्या बाईला, “बोला.”

मारेक मागच्या अंगणात होता, केसांवर पीठ, दंड लाल. सुट्टीतलं काम. मी पुस्तक उघडून पोत्यावर ठेवलं आणि नवे आकडे दाखवले. आकड्यांवर त्याची नजर थांबली नाही. त्याने बोट समासावर ठेवलं, आधी हात पँटला पुसून. मे महिना, तिसरी खेळी.

“हे काय लिहिलंय?”

“निनादच्या पायातून गेला.”

“हो,” तो म्हणाला. “गेला होता.” त्याने बोट खालच्या ओळीवर नेलं. “आणि हे?”

“ग्लव्हमध्ये येऊन सुटला.”

“आणि हे?”

“हा कुणीही अडवला असता.”

तो पोत्यावर बसला. म्हणाला, “पहिल्यापासून वाच.” एर्लांगेनची बस गेल्याचा आवाज मी ऐकला. मी पुस्तक मिटलं, पहिलं पान उघडलं, आणि एप्रिलमधल्या पहिल्या चेंडूपासून वाचायला लागले.